इंजिन बांधावं की विकत घ्यावं?

यावेळी ट्रकच्या इंजिनाबद्दल लिहिते आहे. आमच्या नात्यातली मंडळी हसतील, हे मला माहीत आहे. पस्तीस वर्षं समास आणि वृत्तं शिकवलेल्या बाईंना क्रँकशाफ्टचं काय कळतं, असंही कोणी म्हणेल. पण पैसे माझ्या एफडीतले जाणार होते, आणि पैसे द्यायचे तर चौकशी करायचा हक्कही माझाच, असं मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्या चौकशीत दोन महिने गेले आणि एवढं काही शिकले की ते कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय चैन पडेना. शिवाय आपल्यापैकी कुणाच्या घरात जुनी गाडी असेल तर उपयोगही होईल.

ट्रक माझ्या धाकट्या भावाचा. टाटाचा १६१३, २००९ साली कर्ज काढून नवाकोरा घेतलेला. भाऊ २०१९ मध्ये गेला. तेव्हापासून त्याचा मुलगा चालवतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांची वाहतूक, मधल्या काळात मुरूम-खडी, कधी ऊस. घर त्यावरच चालतं. भावजय, सून, दोन शाळेतली मुलं. ट्रक उभा राहिला की घर उभं राहतं, म्हणजे आमच्याकडे ज्याला खोळंबणं म्हणतात तसं.

या वर्षी उन्हाळा संपता संपता इंजिनाने मान टाकली. एकदम नाही, हळूहळू. सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी उतरायची. चढाला निळा धूर. ऑइल दर चार दिवसांनी वरून घालावं लागे. गाडी तापली की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा. ब्रीदरच्या नळीतून भकाभका वाफ यायची, त्याला गॅरेजवाले 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. धुराचा रंग वाचायला मी तेव्हाच शिकले. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय, किंवा पाणी आत शिरतंय. निळा म्हणजे इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय. आमचा निळा होता.

मग दोन रस्ते. एक, आहे ते इंजिन उघडून पुन्हा बांधायचं. दोन, भंगारात निघालेल्या गाडीचं चालू इंजिन आणून बसवायचं. कंपनीकडून बांधून मिळणारं इंजिन जुन्याच्या बदल्यात घ्यायचा तिसरा रस्ताही असतो, पण तो आमच्या खिशाबाहेरचा म्हणून मी त्याची चर्चा लांबवली नाही. भाच्याचा ओढा जुनं चालू इंजिन आणण्याकडे होता. "आत्या, एक लाख वीस हजारात मिळतंय. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. बांधायचं म्हणजे पंधरा-वीस दिवस, आणि खर्च कुठवर जाईल ते सांगता येत नाही."

बोलणं चुकीचं नव्हतं. फक्त हिशेब अर्धा होता. मी वही काढली. एक लाख वीस हजार इंजिनाचे. ते आणायचं भाडं वेगळं. जुनं उतरवून नवं चढवायची मजुरी वेगळी. नवं ऑइल, फिल्टर, गॅस्केट, माउंटिंगचे रबर, क्लच प्लेट त्याच वेळी बदलायची म्हणून ती. सगळं मांडलं तर आकडा दीड लाखाच्या घरात गेला. मिस्त्रीने बांधायचा अंदाज सांगितला होता एक लाख तीस हजार. म्हणजे स्वस्त-महाग हा मुद्दा जवळजवळ संपलाच. उरलं ते एवढंच, की तेवढ्या पैशात हातात काय येणार.

आता थोडं त्या इंजिनाबद्दल. त्याचं नाव ६९७. नावात व्याकरण आहे म्हणून मला ते आवडलं. सहा सिलिंडर, आणि सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर. त्याच्या आधीचं ६९२, म्हणजे व्यास ९२. चार सिलिंडरचं ४९७, ते ४०७ टेम्पोत असायचं. पिस्टन १२८ मिलिमीटर वर-खाली होतो. गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा तास मी घेत असे, तेव्हाची सवय कामी आली. पाय आर वर्ग गुणिले उंची, गुणिले सहा. ५६७५ घनसेंटिमीटर आलं, आणि कागदपत्रांतही तेच आहे! टाटांचा जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा होता. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक कुठल्याही टाटा ट्रकला 'मर्सिडीज' म्हणायचे, ते त्या काळामुळे.

मिस्त्री माझा विद्यार्थी. १९८८-८९ च्या सुमाराला आठवीत होता, बाकावर कमी आणि वर्गाबाहेर जास्त. आता कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीन शॉपवाल्यांकडे त्याची ऊठबस, आणि हाताखाली चार पोरं. त्याच्या गॅरेजच्या पाटीवर 'इंजिन ओव्हरऑइलिंग' असं लिहिलंय. ओव्हरहॉलिंगचं हे रूप मी अनेक पाट्यांवर पाहिलंय. माझा हात शिवशिवला, पण गप्प बसले. बोलताना ते लोक म्हणतात 'इंजिन बांधणं'. घर बांधतात, गाणं बांधतात, तसं इंजिन बांधतात. हा शब्द चांगला आहे.

तो म्हणाला, "बाई, उघडल्याबिगर मी काय बोलत न्हाई. उघडतो. उघडायची मजुरी द्या. मापं घेतो. मग ठरवा. नगं वाटलं तर तिथंच थांबू." हे मला पटलं. डॉक्टर तपासायच्या आधीच ऑपरेशनचा भाव सांगू लागला तर आपण उठून येऊ, नाही का?

हेड काढलं त्या दिवशी मी गॅरेजात गेले होते. प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा आला. त्याने मला सिलिंडरच्या आत वरच्या कडेला नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. तिथे चक्क एक पायरी झाली होती. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत लायनर घासलेला, आणि त्याच्या वरची अर्ध्या बोटाची पट्टी जशीच्या तशी. मग बोअर गेजने मापं. तळाला ९७ च्या जरा वर, आणि वरच्या बाजूला तिसऱ्या सिलिंडरला जवळजवळ ९७.४०. केसाच्या चार-पाच पट म्हणा. एवढ्याने ट्रक चढ चढेनासा होतो, हे मला माहीत नव्हतं.

क्रँकचं माप मायक्रोमीटरने घेतात, दोन आडव्या-उभ्या बाजूंनी, म्हणजे गोल किती बिघडलाय ते कळतं. आमचा बिघडला होता. क्रँक ग्राइंड करून पुन्हा गोल करतात, तसा तो बारीक होत जातो, आणि त्या मापाचे जाड बेअरिंग घालायचे. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. गॅरेजात याला 'दहा साइझ, वीस साइझ' म्हणतात. दहा कसले, म्हणून विचारलं तर त्यालाही नीट सांगता येईना. हिशेब केल्यावर कळलं, इंचाचे दहा हजारावे भाग, म्हणजे पाव मिलिमीटर. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा होऊन १९५६ पासून इतकी वर्षं झाली, पण गॅरेजात इंच अजून नांदतो आहे.

आमचा क्रँक आधीच दहा साइझ होता. हे मापाआधीच आम्हाला माहीत होतं, कारण भावाची डायरी. खिशातली छोटी डायरी, दर वर्षीची नवी, बियाण्याच्या दुकानात फुकट मिळायची ती. भावजयीने सगळ्या ट्रंकेत ठेवल्यात. त्यात ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर, टायरचे नंबर. २०१६ च्या डायरीत त्याच्या तिरक्या अक्षरात 'क्रँक १० साइज, मेन बेरिंग नवे, पंप बघितला' अशी ओळ आहे. म्हणजे आता वीस साइझ करायचा, आणि पुढे अजून दोनदा करता येण्याइतका जीव त्यात शिल्लक. तडा आहे का तेही तपासून घेतलं. नव्हता.

मग मिस्त्रीने विचारलं, लायनर वरूनच एवढा का झिजला? आणि स्वतःच उत्तर शोधायला गेला. एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाइप त्याने वाकवून दाखवला. खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, बोटभर चिरलेला. पट्टी आवळूनही बसत नव्हती. वीटभट्टीवरची राख आणि लाल धूळ फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात जात होती. किती दिवस कोण जाणे. टर्बोची पातीही त्यानेच खाल्लेली.

मला वाटतं, माझं मत तिथेच ठरलं. समजा भाच्याने एक लाख वीस हजाराचं इंजिन आणून दोन दिवसांत बसवलं असतं. पाइप तोच राहिला असता. उघडलंच नसतं तर कशाने गेलं हे कळलं कशाने असतं?

तरीही दुसरी बाजू बघायचीच म्हणून आम्ही तिघं एका जुन्या इंजिनांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन आलो. गाव आणि नाव सांगत नाही. मोठं आवार, जुन्या टायरांवर ओळीने मांडलेली इंजिनं, सगळी चंदेरी रंगाने रंगवलेली. आमच्यासाठी काढून ठेवलेलं चालू करून दाखवलं. एका सेल्फला लागलं. भाच्याचा चेहरा खुलला. मिस्त्री मात्र चालू करायच्या आधीच ब्लॉकवर तळहात ठेवून उभा होता. "गरम हाय," तो माझ्याकडे न बघता पुटपुटला. म्हणजे आम्ही यायच्या आधी चालवून तापवून ठेवलेलं. गरम इंजिन कुठलंही लागतं, खरी परीक्षा थंडीत. मग ऑइल भरायचं झाकण काढून त्यावर हात धरला, तर हाताला फुंकर लागत होती. दाट ऑइल घातलं की धूर काही दिवस दबतो, हेही त्यानेच नंतर सांगितलं.

त्याने सम्प उतरवून एक बेअरिंग बघू द्या म्हटलं. व्यापारी म्हणाला, आधी पैसे, मग काय उघडायचं ते उघडा. गॅरंटी पंधरा दिवसांची. बिघडलं तर इंजिन बदलून मिळेल, पण उतरवायची-चढवायची मजुरी तुमची. क्रँक कितव्या साइझचा? "कंपनी साइझच असणार." असणार! कुठल्या गाडीचं? "अपघाताची." अपघाताची म्हणजे इंजिन चांगलं असायची शक्यता, हे बरोबर आहे. गाडी चालू असतानाच ठोकलेली असते. पण त्याचा कागद? कागद नंतर देऊ.

कागद हा नंतरचा विषय नाही. इंजिनावर नंबर असतो आणि तो आरसीवर असतो. इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमातच आहे. ज्या गाडीचं इंजिन आणलं तिची मालकी आणि ती मोडीत निघाल्याचा पुरावा नसेल, तर उद्या फिटनेसला गेल्यावर नंबर जुळत नाही. आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं तर मग बोलायलाच नको. पोलीस भाच्याला विचारणार, व्यापाऱ्याला नाही.

आता न्यायाने दुसरंही सांगते. आमच्याच गावात एकाच्या गाडीचा क्रँक ऐन गळीत हंगामात मोडला, आणि त्याबरोबर ब्लॉकही फुटला. बांधायला काही उरलंच नव्हतं. त्याने जुनं इंजिन आणलं, तिसऱ्या दिवशी ऊस भरला, आणि ती गाडी त्यावर चार हंगाम चालली. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ब्लॉक गेला, क्रँक शेवटच्या साइझलाही बसत नाही, हेडला मोठा तडा, असं असेल तर जुनं आणावं, तेही मिस्त्रीला बरोबर नेऊन, कागद बघून, थंड असताना चालू करून. आम्हाला आणखी एक गोष्ट अनुकूल होती. पावसाळा होता. भट्ट्या बंद. गाडी तशीही अर्धी उभीच असते. हेच डिसेंबरात झालं असतं तर वीस दिवस थांबायचा धीर भाच्याला कुठून आला असता? मीही कदाचित दिला नसता.

तर बांधायचं ठरलं. थोडक्यात भागवायचं म्हणजे कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे आधी वहीत लिहून घेतलं. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, सगळी गॅस्केट नवी, आणि ती अधिकृत दुकानातून बिलासह. बाजारात हुबेहूब खोक्यातला नकली माल मिळतो. मिस्त्रीने मला खरी आणि खोटी रिंग शेजारी ठेवून दाखवली. मला फरक कळला नाही, म्हणूनच बिलाचा हट्ट धरला. कॅमशाफ्ट चांगला होता, तो ठेवला. रॉड सरळ आहेत का बघून तेच घातले. व्हॉल्व्ह घासून, सीट कापून तेच. हेडला पाण्याच्या दाबाची चाचणी घेऊन फक्त प्लेन केलं. ऑइल पंप उघडून मापला. आणि धुणं-खरवडणं, डिझेलमध्ये बुडवून एकेक नळी साफ करणं, हे सगळं भाच्याने स्वतः केलं. तीन दिवस. त्याचे मजुरीचे पैसे वाचलेच, शिवाय ज्याच्यावर आपलं पोट आहे ते आतून कसं असतं हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. चालवत होता पाच-सहा वर्षं, पण बॉनेटखालचं सगळं वडिलांचं, असं त्याच्या डोक्यात होतं.

ब्लॉक उद्यमनगरात गेला. लायनर बसवून आतून होनिंग करतात, म्हणजे आत जाळीसारख्या तिरक्या बारीक रेघा पाडतात. मला वाटायचं आरशासारखं गुळगुळीत हवं. तर नाही. रेघांत ऑइल धरून राहतं आणि रिंगा त्यावर घासून घासून जागा करतात. पाटी फार गुळगुळीत झाली की पेन्सिल उमटत नाही, तसंच हे. हे मिस्त्रीला सांगितलं तर तो खूष झाला आणि कामाला आलेल्या पोरांना सांगत सुटला.

अंदाजापेक्षा खर्च वाढला. डिझेल पंप आणि नोझलचे १९ हजार आणि टर्बोचे साडेनऊ हजार मूळ अंदाजात पुरते धरलेले नव्हते. इंजिन बांधून जुनाच पंप तसाच चढवायचा आणि मग धूर येतो म्हणून मिस्त्रीला शिव्या द्यायच्या, हे फार चालतं म्हणे. सगळं मिळून १ लाख ५२ हजार. दीड लाख माझे, वरचे दोन भाच्याचे. जुन्या इंजिनाएवढेच, बघा. नवा रबरी पाइप आणि दोन पट्ट्या, सगळ्यांत स्वस्त सामान तेच.

चालू करायच्या दिवशी भावजय नारळ घेऊन आली होती. मिस्त्रीने डिझेल बंद ठेवून आधी नुसता सेल्फ मारला. इंजिन फिरतंय पण लागत नाही. भावजय घाबरली. तो म्हणाला, "थांबा वहिनी, आधी ऑइल वर चढू द्या, काटा हलू द्या." कोरड्या बेअरिंगवर इंजिन लावायचं नसतं. काटा हलला, मग डिझेल सोडलं. पहिल्या हजार किलोमीटरला निम्माच माल, पण रिकामी नुसती उभी करून घुरघुरवायचीही नाही, कारण भार असल्याशिवाय रिंगा बसत नाहीत. हजाराला ऑइल आणि फिल्टर बदलून टॅपेट पुन्हा लावले. निघालेलं ऑइल मिस्त्रीने बोटावर चोळून उन्हात धरलं, चमचम दिसते का बघायला. थोडी होती. पहिल्या वेळी असते म्हणाला.

आता ४२०० किलोमीटर झालेत. भट्ट्या सुरू झाल्या. तीन हजारांत ऑइल एक लिटरभर घालावं लागलं, ते मिस्त्रीला पसंत नाही. पंपाच्या टायमिंगबद्दलही तो कुरकुरतो, कारण सकाळी पहिल्या सेल्फला अजून थोडा पांढरा धूर येतो. येत्या रविवारी पुन्हा बघणार आहे. भाचा दर महिन्याला सहा हजार देणार असं ठरलंय. तीन हप्ते आले. चौथा मागच्या टायरांमुळे पुढच्या महिन्यावर ढकलू का, असं परवा फोनवर विचारत होता. मी हो म्हटलं, पण वहीत तारखेसह लिहून ठेवलंय.